तीन मार्कांची मजुरी

एक मेची सभा होती. सोलापुरातला मे महिना, संध्याकाळचे सहा वाजले तरी मंडपातल्या लोखंडी खुर्चीला हात लागला की चटका बसत होता. भाषणं संपायच्या आधीच मी उठून पुस्तकांच्या टेबलापाशी गेले आणि ४० रुपयांची एक पातळ पुस्तिका घेऊन घरी आले. कार्ल मार्क्स, ‘मजुरी, श्रम आणि भांडवल’. टेबलामागचा मुलगा म्हणाला, “ताई, आधी कम्युनिस्ट जाहीरनामा घ्या, सगळे तोच नेतात.” पण मी हिचं मधलंच एक पान उघडलं होतं आणि तिथे विणकर, माग आणि सूत हे तीन शब्द एका ओळीत बसलेले दिसले. मी २२ वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितेय. हातातलं खाली ठेवणं जमलं नाही.

तर हे त्या पुस्तिकेचं परीक्षण. मी कुठल्या पक्षाची नाही. मोर्चात दोनदा गेले, दोन्ही वेळा जाऊबाईंमुळे. त्या अंगणवाडी सेविका. मार्क्स म्हणजे दाढी एवढंच मला माहीत होतं. लक्ष्मी-विष्णू गिरणीतल्या आजोबांच्या पेटीत लाल पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक असायचं. ते कोणी उघडल्याचं आठवत नाही. आई त्यावर विड्यांचं सूप टेकवायची.

आधी वस्तू म्हणून कशी आहे ते सांगते, कारण ४० रुपये दिलेत. पानं ६४. कागद बरा, शाई हाताला लागत नाही. पिना दोनच आणि त्याही गंजक्या, तिसऱ्या रविवारी मधली चार पानं सुटली. अक्षर बारीक. चाळिशी लागलेल्या माणसाने दिव्याखाली बसावं एवढं बारीक, आणि तळटिपा तर मुंगीच्या पायाएवढ्या. कामगारांसाठी म्हणून काढलेल्या पुस्तकाचं अक्षर एवढं लहान का असतं हे मला कोणीतरी समजावून सांगा. कागद वाचतो, कबूल. डोळे जातात त्याचं काय? प्रकाशनाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि टेबल लावणारी माणसं भली आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना, उगाच शेवटपर्यंत ताणत नाही. पहिली १४ पानं वाचू नका. ती संपादकांची प्रस्तावना आहे. पहिलंच वाक्य अकरा ओळींचं. त्यात ‘द्वंद्वात्मक’, ‘परात्मता’, ‘सर्वहारा’ आणि ‘वरकड मूल्य’ असे चार पाहुणे एकदम दारात उभे, आणि एकाचीही ओळख करून दिलेली नाही. मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा झोपले. ‘वरकड’ म्हटलं की माझ्या डोक्यात वरखर्च येतो, हिशेबाच्या वहीतला चहापाणी-हमालीचा रकाना. आमच्या अक्कांच्या डोक्यात आली वरकमाई, म्हणजे टेबलाखालची. आणि ‘सर्वहारा’ ऐकून त्या म्हणाल्या, “कोण हरला? पत्त्यात का?” ज्याचं सगळं हरण झालंय तो सर्वहारा हे मला नंतर कळलं. शब्द वाईट नाही. पण मराठी माणसाला त्यात आधी हार ऐकू येते आणि मग पत्ते.

एकटीने वाचणं जमत नव्हतं म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. रविवारी दुपारी आमच्या गल्लीत लाइट जाते. बाहेरच्या कट्ट्यावर लिंबाची सावली असते, तिथे चौघी जमतो. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलातून लेकीकडे येणाऱ्या अक्का, विड्या वळतात, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. समोरच्या भाभी, टॉवेलच्या कडा शिवतात, डझनावर पैसे. जाऊबाई. आणि मी. अक्का रविवारीही सूप मांडीवर घेऊनच बसतात, हात चालू, कान माझ्याकडे. एकूण सहा रविवार लागले.

मोठ्याने वाचायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि मग मागच्या तळटिपेत ती खरीही निघाली. हे पुस्तक लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. डिसेंबर १८४७मध्ये ब्रसेल्सला जर्मन कामगारांच्या मंडळात मार्क्सने व्याख्यानं दिली, त्यांचं हे लिखित रूप. एप्रिल १८४९मध्ये कोलोनच्या ‘नोये ऱ्हायनिशे त्साइटुंग’ या त्याच्याच वर्तमानपत्रात ती लेख म्हणून यायला लागली. समोर दिवसभर काम करून आलेले कारागीर बसलेत, त्यांना झोप लागू द्यायची नाही, हे दर परिच्छेदात जाणवतं. सुरुवात कशाने होते बघा. चार कामगारांना विचारा, तुम्हाला मजुरी किती मिळते? एक म्हणेल दिवसाला एवढी, दुसरा म्हणेल तेवढी, कोणी वारभर कापड विणायचे एवढे, कोणी छापखान्यात पानभर खिळे जुळवायचे तेवढे. आकडे सगळ्यांचे वेगळे, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत, की मजुरी म्हणजे केलेल्या कामाचे मालकाने दिलेले पैसे. आणि मग मार्क्स सांगतो की हे एकमतच चुकलंय.

अशी सुरुवात असलेल्या पुस्तकाला ती १४ पानांची प्रस्तावना लावणं म्हणजे घराच्या दारात कपाट आडवं टाकण्यासारखं आहे.

यानंतर येतो विणकर. मालक त्याला माग देतो, सूत देतो. विणकर कामाला लागतो, सुताचं कापड होतं, कापड मालक उचलतो आणि विकतो. आता विणकराची मजुरी म्हणजे त्या कापडातला वाटा का? नाही, असं मार्क्स म्हणतो. कापड विकायच्या आधीच त्याला मजुरी मिळालेली असते. कदाचित ते कापड खपणारच नाही, कदाचित दुप्पट भावाने जाईल, विणकराचा त्याच्याशी संबंध नाही. मालकाने आपल्याजवळच्या पैशांतून जसं सूत घेतलं, जसा माग घेतला, तसंच विणकराचं काम करायचं बळही घेतलं. बाजारातली तिसरी वस्तू.

इथे पहिलं भांडण झालं. भाभी म्हणाल्या, मग दिवाळीचा बोनस काय असतो? तो तर मालकाच्या फायद्यातला वाटाच ना? मी हिशेबनीस, मला हे माहीत पाहिजे. कायद्याप्रमाणे किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिन्यांतला एक महिना, आणि तो कारखाना तोट्यात असला तरी द्यावा लागतो. तोट्यात असतानाही जो द्यावा लागतो तो फायद्यातला वाटा कसा? ती मागे ठेवलेली मजुरीच. हे मी २२ वर्षं दर दिवाळीला लिहितेय आणि पहिल्यांदा त्या कट्ट्यावर माझ्या तोंडून बाहेर पडलं. भाभी म्हणाल्या, “म्हणजे आमचेच पैसे आम्हाला, वर मिठाईचा डबा.” यावर जाऊबाईंनी विचारलं, आणि आमचं मानधन? ती मजुरी आहे का मान आहे? याचं उत्तर पुस्तिकेत नाही. कट्ट्यावरही मिळालं नाही.

आता एंगल्सची प्रस्तावना. एंगल्स म्हणजे मार्क्सचा मित्र आणि लिखाणातला जोडीदार. ही मात्र वाचा, पण मूळ मजकूर संपल्यावर वाचा. छापलीय आधी. १८९१मध्ये एंगल्सने ही पुस्तिका पुन्हा काढली, तेव्हा मार्क्सला जाऊन आठ वर्षं झाली होती. प्रचारासाठीची स्वस्त आवृत्ती, १०,००० प्रती. त्याने सरळ सांगितलंय की मी मजकुरात बदल केलाय. तरुणपणी मार्क्स म्हणायचा, कामगार श्रम विकतो. पुढे त्याचा विचार पक्का झाला तेव्हा तो म्हणायला लागला, कामगार श्रमशक्ती विकतो. म्हणून जिथे जिथे कामगार श्रम विकतो असं होतं तिथे तिथे एंगल्सने श्रमशक्ती केलं. एका शब्दासाठी एवढा खटाटोप का, ते समजावून सांगायला त्याने एक हिशेब मांडलाय, आणि तोच या ६४ पानांतला सगळ्यात झकास भाग आहे.

एक कामगार बारा तासांत यंत्राचा एक भाग बनवतो. कच्चा माल २० मार्कांचा. कोळसा आणि यंत्रांची झीज १ मार्क. मजुरी ३ मार्क.

इथे भाभींनी मला थांबवलं. “बारा घंटे काम करके तीन मार्क? मतलब फेल.”

मार्क हे जर्मनीचं तेव्हाचं नाणं हे पुस्तिकेत कुठेही सांगितलेलं नाही. एका ओळीची टीप. जिथे नको तिथे मुंगीच्या पायाएवढ्या दहा टिपा आहेत आणि इथे एक नाही. त्या दिवशी पुढे वाचणं झालंच नाही, कोणाच्या मुलाला कशात किती मार्क पडले याच्यावर गाडी गेली.

पुढच्या रविवारी मी मार्काच्या जागी सरळ रुपये वाचले. वीस, एक आणि तीन, झाले चोवीस. मालक तो भाग विकतो सत्तावीसला. वरचे तीन कुठून आले? मालाचे वीस होते ते वीसच राहिले, झिजेचा एक तो एकच. सत्तावीसमधून एकवीस गेले, राहिले सहा, आणि हे सहा त्या माणसाच्या बारा तासांनीच घातलेत. त्यातले तीन त्याला, तीन मालकाला. मालकाचे हे तीन म्हणजेच प्रस्तावनेतलं ते ‘वरकड मूल्य’. अक्कांनी सुपातली विडी खाली ठेवली. त्या विडी खाली ठेवत नाहीत सहसा. म्हणाल्या, “म्हणजे सहा तास स्वतःचे आणि सहा तास त्याचे. पण हे कोणी सांगत नाही ना, की आता तुझे संपले, आता माझे सुरू.”

मी हे वाक्य पुस्तिकेच्या कडेला लिहून ठेवलंय. छापलेल्या १४ पानांत एवढं स्वच्छ काही नाही.

बाकी, आमच्या कारखान्यातल्या एका टॉवेलचा असा हिशेब मी घरी मांडून पाहिला. आकडे इथे देणार नाही. नोकरी करायची आहे मला अजून.

पण श्रम आणि श्रमशक्ती यांतला फरक या अनुवादातून कळणं अवघड आहे, कारण अनुवादकाने एकाच गोष्टीला तीन नावं दिलीत. पान २३ला श्रमशक्ती, पुढे श्रमसामर्थ्य, आणि एके ठिकाणी चक्क कार्यशक्ती. कथा-कवितेत शब्द बदलले तर छान वाटतं. हिशेबात बदलले तर वही जुळत नाही. ज्या एका शब्दासाठी एंगल्सने अख्खी आवृत्ती तपासून काढली, त्याच शब्दाचे इथे तीन तुकडे झालेत.

शेवटी आम्हाला ते कळलं रिक्षामुळे. भाभींचे मिस्टर रिक्षा भाड्याने चालवतात. दिवसाचं भाडं ठरलेलं. मालकाने रिक्षा दिली दिवसभरासाठी, मग ती किती फेऱ्या मारते आणि किती कमावते ते चालवणाऱ्याचं. भाडं वेगळं, रिक्षाने दिवसभरात केलेलं काम वेगळं. तसंच कामगार दिवसभरासाठी स्वतःला भाड्याने देतो, फक्त इथे भाड्याने घेणारा मालक असतो. ठरतं ते भाडं. फेऱ्या किती मारून घ्यायच्या ते घेणारा बघतो. उपमा फार ताणू नका, रिक्षाला भूक लागत नाही आणि तिला पोरंही होत नाहीत. मार्क्सच्या मते या ‘भाड्या’ची किंमत ठरते तीच मुळी भूक आणि पोरं यांच्यावर. कामगाराला जगवायला आणि त्याच्या जागी उद्या दुसरा कामगार तयार व्हायला जो खर्च येतो, तोच श्रमशक्तीचा भाव.

याच भागात एक वाक्य आहे, अभ्यासू मंडळी ते फार आवडीने सांगतात. रेशमाचा किडा जर किडा म्हणून जगायला मिळावं एवढ्यासाठी धागा काढत असता तर तो नमुनेदार मजूर ठरला असता. सुंदर आहे. पण त्याच्या जवळच मार्क्स म्हणतो की कामगाराला ते बारा तास आयुष्य वाटतच नाहीत, त्याचं आयुष्य काम संपल्यावर सुरू होतं. जेवणाच्या टेबलावर, गुत्त्यात, अंथरुणात. मी वाचून गेले पुढे. जाऊबाई म्हणाल्या, मागे जा. परत वाच. वाचलं. “टेबलावर आयुष्य सुरू होतं म्हणे. आणि ताट वाढतं कोण?”

चौघी जोरात हसलो. पण हसून झाल्यावर त्यांचा मुद्दा तसाच उरला. कामगाराला जगवायचा खर्च धरलाय, त्याची पोरं धरलीत, पण त्या खर्चातून भाकरी कोण थापतं, पोरं कोण वाढवतं, ते काम कुठल्या रकान्यात जातं, हे पुस्तिकेत नाही. पीठ, मीठ, सरपण सगळं हिशेबात, थापणारीचे हात नाहीत. समोर सगळे पुरुष बसले असतील ब्रसेल्सला, दुसरं काय.

अक्कांची तक्रार याहून मोठी होती आणि मला वाटतं जास्त खरी. मालक माग देतो आणि सूत देतो असं मार्क्स धरून चालतो. विडीत मालक देतो पान आणि तंबाखू, तेही मोजून. पान वाळकं-फाटकं निघालं आणि हजार विड्यांना पुरलं नाही तर वरचं पदरचं आणायचं. कात्री आपली, सूप आपलं, बसायची जागा, दिवा, पंखा आपला. वळलेल्या विड्यांतून छाट निघाली, म्हणजे काही विड्या नाकारल्या, तर तीही आपल्या अंगावर. “आमचा कारखाना आमच्याच घरात हाय, फक्त मालक तिथे राहत नाही,” अक्का म्हणाल्या. माझ्या आईचंही असंच गेलं. दिवसाला हजार विड्या पुऱ्या केल्याशिवाय चूल पेटवायची नाही असा तिने स्वतःलाच नियम घातला होता, कोणी मुकादम नव्हता घालायला. नगावरच्या मजुरीची हीच तर खुबी, मुकादम माणसाच्या आतच येऊन बसतो. पुस्तिकेत वारभर कापडाच्या मजुरीचा उल्लेख सुरुवातीला येतो आणि तिथेच राहतो. नगावरच्या मजुरीवर मार्क्सने नीट लिहिलंय ते पुढे ‘भांडवल’ या त्याच्या जाड ग्रंथात, त्यावर वेगळं प्रकरण आहे. तिथे तो म्हणतो की हे तासांवर मोजलेल्या मजुरीचंच बदललेलं रूप आहे. म्हणजे विचार त्याने केला होता, या पातळ पुस्तिकेत नाही एवढंच.

आता जे मनापासून आवडलं ते सांगते, नाहीतर वाटेल ही बाई नुसतीच किरकिरतेय. पान ४०च्या आसपास घराचा परिच्छेद आहे. घर लहान असो की मोठं, आजूबाजूची घरं तेवढीच असली की माणसाचं समाधान असतं. शेजारी वाडा उभा राहिला की तेच घर आकसून झोपडी होतं. आणि वाडा जर तेवढ्याच किंवा जास्त वेगाने वाढत गेला, तर ते लहान घर कितीही उंच होवो, आत राहणाऱ्याला ते आणखीच कोंदट वाटणार.

हा परिच्छेद मला अक्कांना समजावून सांगावा लागला नाही, त्यांनीच मला सांगितला. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात विडी कामगार बायकांची १०,००० घरं आहेत, २००६मध्ये मिळालेली. सगळी एका मापाची. अक्का म्हणतात, पहिली काही वर्षं घराबद्दल कोणी बोलायचंच नाही, बोलायचं ते पाण्याबद्दल आणि बसबद्दल. मग त्यांच्या ओळीत एकाने वर खोली चढवली, पुढे टाइल्स लावल्या, स्टीलचं गेट आलं. “त्या दिवसापासून माझं घर बारकं झालं. वीट एक कमी झाली नाही, पण बारकं झालं.” मार्क्सला इथून पुढे म्हणायचंय की मजुरी वाढली म्हणून खूश होऊ नका, नफा किती वाढला तेही बघा. मजुरी वाढूनही माणूस नफ्याच्या मानाने खाली जाऊ शकतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यासाठी तक्ते लागले असते. इथे दोन घरांत काम झालं. मला विचाराल तर पुस्तिका घ्यायला तेवढं एक पान पुरे आहे.

दुसरी एक गोष्ट आवडली, पण जरा दुखली. शेवटाकडे मार्क्स सांगतो की यंत्रं मोठी होत जातात, माल स्वस्त होतो, आणि छोट्या कारखानदाराचा या शर्यतीत टिकाव लागत नाही, तोही कामगारांच्या रांगेत येऊन उभा राहतो. पुस्तिकेतला मालक वाचताना डोळ्यांपुढे वाडेवाला येतो. माझा मालक तसा नाही. थोडे माग, सुताचा भाव चढला की रात्री झोप नाही, बँकेचा हप्ता, आणि पगाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन “या वेळी दोन भागांत करू का?” असं विचारणारा. तो मला लुटतो का? सहातले तीन तोही घेतोच, हिशेब सगळ्यांना सारखाच लागतो. पण त्याच्या तिनातले किती सूतवाल्याला जातात, किती बँकेला, किती परदेशी मोठ्या दुकानाला, हे मी रोज लिहिते. त्यामुळे पान ५० पुढचा भाग मी कट्ट्यावर वाचला तेव्हा माझा आवाज जरा बसला होता. बायकांना वाटलं घसा सुकला.

आणि जात. एक शब्द नाही, असणारही नाही, ब्रसेल्सच्या सभेत कशाला येईल. पण सोलापुरात माग कोणाकडे, विडी कोणाच्या घरात, आणि गटार उपसायला कोणाला बोलावतात, हे नुसत्या मजुरीच्या भावावरून सांगता येत नाही. संपादकांनी ती १४ पानं यावर खर्च केली असती तर मी दोनदा वाचली असती. मराठीत सोपं लिहायची चाल नाही असंही नाही. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली १८७३मध्ये, अख्खी संवादात. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. धोंडिबा तुमच्या-आमच्या मनातलेच प्रश्न विचारतो, कधी कधी आगाऊपणे. फुल्यांच्या भाषेला नाकं मुरडणारे तेव्हाही होते, व्याकरण काढून दाखवणारे होते. तरी ते पुस्तक आजही वाचून दाखवलं की कळतं. गंमत म्हणजे एंगल्सनेही १८४७मध्ये कम्युनिझमची तत्त्वं अशीच २५ प्रश्नोत्तरांत लिहिली होती, आणि मग स्वतःच मार्क्सला कळवलं की हे प्रश्नोत्तराचं रूप सोडून देऊ आणि याला जाहीरनामा म्हणू. जाहीरनामा गाजला खरा. पण माझ्यासारखीला ते प्रश्नोत्तर चाललं असतं.

एंगल्सच्याच प्रस्तावनेत एक ओळ आहे, तिच्यामुळे मला हा माणूस आवडून गेला. त्याचा अर्थ असा, की न शिकलेल्या कामगारांना अवघडातलं अवघड आर्थिक विश्लेषण सहज समजावून देता येतं, आणि त्या बाबतीत ते आपल्या तोऱ्यात मिरवणाऱ्या शिकलेल्यांच्या कितीतरी पुढे आहेत. हे वाक्य छापलेल्या पुस्तिकेतच अकरा ओळींचं पहिलं वाक्य कसं काय आलं असेल?

पुस्तिका अपुरी आहे, हेही माहीत असू द्या. शेवट एकदम तुटतो. लेखमाला पुढे चालू असं म्हणून थांबली, आणि मे १८४९मध्ये ते वर्तमानपत्रच सरकारने बंद पाडलं. शेवटचा अंक लाल शाईत निघाला. पुढच्या भागाचं हस्तलिखित एंगल्सला सापडलं नाही. ही माहिती पुस्तिकेत आहे, पण शेवटच्या तळटिपेत. ती वाचली नाही तर वाटतं, आपल्या प्रतीतली पानं गळली. मी तर टेबलवाल्या मुलाला फोन करून विचारलंसुद्धा.

पुढे काय वाचावं असं विचाराल तर ‘भांडवल’चं पहिलं प्रकरण उघडू नका, तिथे २० वार कापड बरोबर एक कोट या समीकरणात माणूस अडकतो, मी अडकले, टॉवेलवाली असून. १८६७मध्ये ते पुस्तक आलं तेव्हा मार्क्सने आपल्या एका मित्राला कळवलं होतं की तुझ्या बायकोला सांग, आधी कामाच्या दिवसाचं प्रकरण वाच, सहकार्य, श्रमविभागणी आणि यंत्रांचा भाग वाच, मग भांडवल मुळात गोळा कसं झालं ते. म्हणजे लेखकालाच ठाऊक होतं की दार कुठून उघडतं. आम्ही दिवाळीनंतर कामाच्या दिवसापासून सुरू करणार आहोत, जाऊबाईंचा पोषण आहाराचा अहवाल भरून झाला की.

पाचपैकी साडेतीन. मार्क्स-एंगल्सला साडेचार, संपादकांना एक, पिनांना शून्य, सरासरी तुम्ही काढा. एकटीने घेऊन बसणार असाल तर पैसे वाया जातील. दोघी-तिघी असाल, मोठ्याने वाचणार असाल, आणि त्यात एकजण तरी नगावर काम करणारी असेल, तर ४० रुपयांत याहून जास्त काही मिळत नाही. पेन्सिल जवळ ठेवा. मार्क आला की रुपया वाचा. श्रमसामर्थ्य, कार्यशक्ती काहीही दिसलं की श्रमशक्तीच म्हणा. आणि नवी प्रत घेतल्या घेतल्या मधोमध दोरा घालून शिवून टाका.

वर पानांचे आकडे दिलेत ते आठवणीने दिलेत, कारण माझी प्रत गेले तीन आठवडे अक्कांकडे आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही. नातवाकडून घराचं पान वाचून घेतात असं लेक सांगत होती. दोन-चार पानं मागेपुढे झाली असतील तर सांभाळून घ्या.